खलनायिकांवर मिक्स्ड मिडिया सिरीज करतेय, मारबतीपासून सुरू केलं, सल्ला पाहिजे

धानपट्टी_चित्रं
नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडची, घरी धान आहे, चित्रकलेचं शिक्षण नागपुरात झालं आणि आता गावातच राहून काम करते. सध्या एक सिरीज चालू आहे, आपल्या गोष्टींमधल्या ज्या बाया वाईट म्हणून ठेवून दिल्यात त्यांच्यावर, मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ईडा पिडा घेऊन जा म्हणत आमच्याकडे गावाबाहेर काढतात ती), पूतना, शूर्पणखा, त्राटिका, मंथरा. प्लायवर बांबूच्या कमच्या म्हणजे पट्ट्या, तणस म्हणजे धानाचा पेंढा, जुनी लुगडी, कागदाचा लगदा, बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या आणि वरून अॅक्रिलिक, काही ठिकाणी गेरू आणि हळद. सपाट चित्र नाही, अर्धं मूर्तीसारखं बाहेर येतं.

अडचण अशी आहे की मारबत झाली, शूर्पणखा अर्धी झाली, आणि घरात जो पाहतो तो म्हणतो ही तर देवी दिसते. वहिनी तर हात जोडून उभी राहिली. मला देवी करायची नाहीये. बिचारीपण नाही करायची, की हिच्यावर अन्याय झाला म्हणून डोळ्यात पाणी वगैरे, तसलं पोस्टर खूप पाहिलं. मला तिचा राग ठेवायचा आहे, तिनं जे केलं तेपण ठेवायचं आहे, आणि तरी पाहणाऱ्याला तिच्यासमोर थांबावंसं वाटलं पाहिजे. हे कसं करायचं ते सुचेना.

दुसरं म्हणजे मटेरियल. पावसाळ्यात लगद्याला बुरशी धरली, बांबूतून पीठ पडायला लागलं, आणि मारबतीची हळद खिडकीकडच्या बाजूनं उडाली. दिवाळीनंतर आमच्या पूर्व विदर्भातले झाडीपट्टीचे नाटकं सुरू होतात तेव्हा गावोगावचे लोक येतात, त्या वेळेस आमच्या समाजमंदिरात हे सगळं लावायचं ठरवलंय, शहरातल्या गॅलरीत नंतर पाहू. म्हणून गावातल्या लोकांना काय वाटेल तेपण सांगा. स्पष्ट बोला, मला चालेल.

पवनीची_काकू
पोरी, मारबतीले वाईट नोको म्हणू. आमच्याकडं पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या, मेढे म्हणतात त्यायले, ठेवतात आन दुसऱ्या दिवशी पाडव्याले पहाटंच पोट्टे ते उचलून आरडत आरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात, ईडा पिडा, रोगराई, खासी खोकला घेऊन जा गे मारबत. आता तूच सांग, साऱ्या गावाचा खोकला जी आपल्या अंगावर घेऊन जाते ते वाईट कशी. आमची सासू तर मेढा उचलायच्या आधी घरातल्या एकेका दुखण्याचं नाव घेऊन सांगे, याचा ताप ने, त्याच्या अंगावरचे फोडं ने. शिवी बी तिलेच आन काम बी तिलेच. तुझी वहिनी हात जोडून उभी रायली तर राहू दे न, तिले त्यातलं काईतरी समजलं म्हणूनच उभी रायली.

माझं म्हणणं एवढंच हाये का मारबतीच्या अंगावर लोकायनं काय काय टाकलं ते दिसू दे. आपल्या गावात फिर, बायायले विचार का बाई तुले काय न्यायला द्यायचं हाये, आन त्या जे देतील ते लाव. कोणी दवाईची चिठ्ठी देईल, कोणी बँकेचा कागद देईल.

उमरेड_रोड
काकूंनी गावची मारबत सांगितली, मी नागपूरची सांगतो कारण ताई तुमच्या विषयाला ती जास्त जवळ आहे, तिथे मारबतीचे मोठे पुतळे मिरवणुकीनं काढून जाळतात. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीची, तऱ्हाणे तेली समाज काढतो, १८८५ पासून. काळी त्याच्याही आधीची, १८८१ पासूनची. काळीला लोक बाकाबाईचा पुतळा म्हणतात, काही जण पूतना म्हणतात, म्हणजे तुमच्या यादीतल्या दोघी एकाच बाईत बसल्यात.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्याची राणी. १८१७ ला सीताबर्डीची लढाई हरली, राजे आप्पासाहेब गादीवरून गेले, इंग्रजांनी लहान मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं कारभार बाकाबाईकडे आला. ती इंग्रजांच्या बाजूनं राहिली हे खरंच आहे, त्यात धुवून काढण्यासारखं काही नाही. पण ती वारली १८५८ ला आणि पुतळा निघाला त्याच्यानंतर वीस वर्षांच्या वर, आणि ती लढाई काय एकट्या बाईनं हरली नव्हती, सरदार होते, फौज होती, दरबारातले किती तरी जण आपापला हिशोब करून इंग्रजांना जाऊन मिळाले होते. त्यांच्यातल्या कोणाचा पुतळा वर्षानुवर्षं जाळला जातो असं मला तरी माहीत नाही. मला वाटतं तुमची खलनायिका इथे सापडते. तिनं केलं तेपण खरं आणि सगळ्यांचं केलेलं तिच्या एकटीच्या अंगावर चढवलं तेपण खरं. मी असतो तर काळ्या मारबतीच्या पोटात आतून पुरुषांचे फेटे पगड्या कोंबल्या असत्या, बाहेरून नाही दिसणार, वाकून पाहिलं तरच दिसेल अशा.

आणि बडगे विसरू नका. मारबतीसोबत जे बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे, निघतात त्यांच्यावर दरवर्षी ताजा विषय असतो, महागाई, भ्रष्टाचार, जे काय त्या वर्षी चाललं असेल ते, कागद बांबू चिंध्या आणि वर पाटी. मिक्स्ड मिडिया आपल्याकडे सव्वाशे वर्षांच्या वर रस्त्यावर चालत आलेलं आहे, त्यासाठी बाहेरून काही शिकून यायची गरज नाही.

वऱ्हाडी_ब्रश
मी अमरावतीकडे चित्रकला शिकवत होतो, आता रिटायर आहे. ताई आधी मटेरियलचं सांगतो कारण काम टिकलंच नाही तर विषयाचं काय करायचं.

हळद उन्हात टिकत नाही, कितीही वार्निश मारलं तरी उडणारच, पळसाच्या फुलाचा रंगही तसाच. टिकणारा पिवळा पाहिजे तर पिवळी माती घ्या, रामरज म्हणून मिळते, गेरू आहेच, काजळी आहे, हे माती आणि कोळशाचे रंग शंभर वर्षं हलत नाहीत. पण मारबतीला हळदच लावायची असेल तर समजून लावा, ती बाई जाण्यासाठीच असते, तिचा रंग वर्षागणिक उडत गेला तर मला ते काम अपूर्ण वाटणार नाही. फक्त तसं ठरवून करा आणि विकत घेणाऱ्याला आधी सांगा.

लगद्यात मेथ्या भिजवून वाटून घालायची आपल्याकडच्या बायांची जुनी पद्धत आहे, टोपल्या करायच्या तेव्हा घालायच्या, लगदा घट्ट होतो आणि किडे कमी लागतात. मैद्याची लई म्हणजे खळ वापरत असाल तर त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट), बुकबाइंडिंगवाले घालतात तसं, पण ते विष आहे, हातमोजे घाला, भांडं वेगळं ठेवा, घरात लहान लेकरू असेल तर नकोच. लगदा पूर्ण वाळल्याशिवाय वर रंग चढवायचा नाही, तुमची बुरशी तिथूनच आली असणार, आत ओल राहते आणि वरून अॅक्रिलिकनं तोंड बंद होतं. वाळल्यावर मागून पुढून दोन्हीकडून प्रायमर.

वर्तमानपत्राचे तुकडे थेट चिकटवू नका, पिवळे पडून तुटतात. चांगल्या जाड कागदावर लेझर झेरॉक्स काढा, त्याची काळी शाई काजळीचीच असते, ती टिकते.

जड वस्तू, फाळ, साखळी, विळा, फेविकॉलवर सोडू नका. प्लायला भोकं पाडून मागून तारेनं बांधा. लोखंड तसंच लावलं तर गंज अॅक्रिलिकमधून बाहेर येतो, आवडत असेल तर येऊ द्या, नाहीतर आधी वार्निश.

विषयाबद्दल एक नाव सांगतो, बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांची आवेग नावाची फोटोंची मालिका आहे, कैकेयी, शूर्पणखा आणि सीता. त्या स्वतःच पात्र होऊन उभ्या राहतात, मागे नाटकासारखा सेट. तिघींना एकाच मालिकेत ठेवलंय हे पाहण्यासारखं आहे, चांगली आणि वाईट असा वेगवेगळा कोनाडा नाही. ताई तुमच्या यादीत सगळ्या वाईटच आहेत, त्यांच्यात एखादी चांगली म्हणून गाजलेली बाई बसवून पाहा, काय होतं ते.

रामटेकचा_वाटसरू
मी वेगळं बोलतो, राग नका मानू ताई. आजकाल जो तो खलनायकाची बाजू मांडतो, त्यानं गोष्टीतली ताकद जाते असं मला मनापासून वाटतं. पूतना लेकराला मारायला आली होती, स्तनाला विष लावून. त्राटिकेनं मलद आणि करुष नावाचे दोन भरले देश ओसाड केले असं वाल्मीकींनीच लिहिलंय. माझ्या आईनं मला या गोष्टी सांगितल्या तेव्हा मी घाबरलो आणि त्या घाबरण्यातून मला काय वाईट ते कळलं. तुम्ही त्या लेकराच्या बाजूनं कोण उभं राहील याचा विचार केला का.

आणि नुसतं उलटं करून काही होत नाही. ग्रीक गोष्टीत मेडुसा नावाची केसांच्या जागी साप असलेली बाई आहे, पर्सियस नावाचा वीर तिचं मुंडकं कापतो. न्यूयॉर्कला २०२० मध्ये कोर्टासमोर त्या मेडुसाचा पुतळा ठेवला होता, लुचानो गारबाती नावाच्या शिल्पकाराचा, २००८ मध्ये केलेला, त्यात मेडुसाच्या हातात पर्सियसचं मुंडकं आहे. खूप गाजला, पण कितीतरी बायांनीच विचारलं की रोमन कवी ओव्हिडच्या गोष्टीत तिच्यावर अत्याचार केला तो समुद्रदेवानं, मग मुंडकं पर्सियसचं कशाला. म्हणजे उलटं केलं पण नेम चुकला.

धानपट्टी_चित्रं
दादा राग कशाचा, हेच पाहिजे होतं. पूतनेचं विष मी पुसणार नाहीये, तिच्या चित्रात विष राहील. पण तुम्ही त्राटिका काढली म्हणून सांगते, त्याच वाल्मीकींच्या बालकांडात ती आधी यक्षिणी आहे, सुकेतूची मुलगी, नवरा सुंद अगस्त्यांच्या शापानं मेला, ती चवताळून धावून गेली तेव्हा तिलाही शाप मिळून ती राक्षसी झाली. आणि भागवतात पूतना मेल्यावर तिचं शरीर जाळतात तेव्हा धुरातून अगरूचा, म्हणजे सुगंधी लाकडाचा, वास येतो, कृष्णानं तिला आईची गती दिली असं आहे. म्हणजे जुन्या लोकांनी दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवल्या होत्या, विष आणि वास. सांगता सांगता एक गळून गेली. मला फक्त दुसरी परत जोडायची आहे, पहिली काढायची नाही.

पऱ्हाटी_यवतमाळ
पूतनेवर मी बोलतो. आमच्याकडं २०१७ ला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी शेतमजूर मेले, अख्ख्या देशानं वाचलं. तेव्हापासून मले विषाचं चित्र म्हटलं का डब्यावरचा तो चौकोन दिसते, वरच्या अर्ध्यात इशारा न खालच्या अर्ध्यात रंग, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याच्यावरच कवटी, मग पिवळा, निळा, हिरवा. पूतनेच्या छातीवर तो लाल चौकोन लावा. मग प्रश्न आपोआप येते का हे विष बनवलं कोणी, तिच्या हातात दिलं कोणी, आन मेलं कोण. कंसानं पाठवलं होतं न तिले, तो राजवाड्यात बसून होता.

एक हात जोडून सांगतो, खरे रिकामे डबे आणून लावू नका, कितीही धुतले तरी त्यात राहतेच, वरून उन्हात वास सुटते आन समाजमंदिरात लेकरं येतील. चिन्ह कागदावर काढा न लावा.

झाडीचा_पडदा
मी झाडीपट्टीच्या नाटकात काम करते, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका मंडळात, बहुतेक वेळा सासू नाहीतर सावत्र आई नाहीतर पाटलाच्या घरातली कपटी बाई. हिरोईनपेक्षा मला जास्त टाळ्या पडतात आणि शिव्यापण. रात्रभर नाटक चालते, थंडीत शाली पांघरून बसलेल्या बाया मोठ्यानं बोलतात, हिच्या तोंडाले आग लागो म्हणतात, आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याच बाया जवळ येऊन हात धरतात, म्हणतात बाई तू जे बोलली ते आमच्या मनात होतं पण सुनेसमोर बोलता येत नाही. ताई तुला जे पाहिजे, की राग राहिला पाहिजे आणि पाहणारा थांबला पाहिजे, ते आम्ही नजरेनं करतो. खलनायिकेनं प्रेक्षकाकडे सरळ पाहायचं. रडणारी बाई खाली पाहते, देवी तुमच्या डोक्यावरून पलीकडे पाहते, म्हणून वहिनींनी हात जोडले असतील, तुझ्या मारबतीचे डोळे वर असतील. तिला माणसाच्या उंचीवर लाव आणि डोळे समोर ठेव. मग कोणी हात नाही जोडणार, नजर चुकवतील नाहीतर भिडवतील.

शूर्पणखेच्या केसांसाठी, केसावर भांडे देणारे फेरीवाले येतात न, त्यांना विकायच्या आधी गावातल्या बायांकडून मागून घे. प्रत्येकीचे वेगळे, काळे पांढरे मेंदीचे. मागताना कशासाठी ते सांगून घे, नाही म्हणाली तर सोडून दे.

जिवतीकडची
मी उशिरा वाचलं पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. केस माग म्हणाल्या ताई तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आमच्या भागात केस, लिंबू, बाहुली यावरून काय होते ते तुम्हाला माहीत असेल. २०२१ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या जिवती तालुक्यात जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना चौकात बांधून मारलं, त्यात बाया होत्या. २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा असूनही. मी अंगणवाडीत आहे, लेकरू आजारी पडलं की कोणाकडे बोट जाते ते मी रोज पाहते. एकटी राहणारी, विधवा, म्हातारी, रंगानं काळी, बोलायला फटकळ, केस मोकळे. आता तुम्ही चित्रात राक्षसीण कशी काढता ते पाहा. काळी, केस मोकळे, छाती लोंबलेली, दात पुढे, जीभ बाहेर. एकच बाई आहे ती. चित्रातून गावात येते की गावातून चित्रात जाते मला नाही सांगता येत, पण एकच आहे.

आणि ते लेकराच्या आजाराचं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत लेकरांना धरणारे नऊ ग्रह सांगितलेत त्यात पूतना आहे, अंधपूतना, शीतपूतना आहे. ताप, हगवण, दूध न पिणं, याला बाईचं नाव दिलं. तेव्हा दुसरं काही कळत नव्हतं म्हणून दिलं असेल. आज कुपोषणाचं लेकरू माझ्यासमोर वजनकाट्यावर असते आणि घरचे म्हणतात शेजारणीची नजर लागली.

तुम्हाला थांबवायला नाही लिहिलं, उलट करा, पण ही खूण उचलू नका. पूतना भागवतात सुंदर रूप घेऊन येते, केसात मोगऱ्याची फुलं माळून, गोकुळातल्या बाया तिच्याकडे पाहतच राहतात. तशी करा. त्राटिका यक्षिणी होती, तिचं आधीचं रूप करा. मंथरेला कुबड दाखवलंच पाहिजे असं नाही. ज्या खुणांवरून आमच्याकडच्या म्हातारीला ओळखतात त्या एकाही खलनायिकेवर नको. काळा रंग वापरायचा तर चांगल्या बाईवरपण वापरा, वर सरांनी म्हटलं न एक चांगली बसवा म्हणून, सीता काळी करा.

पवनीची_काकू
खरं बोलली माय तू. आमच्या गल्लीत होती अशी एक, तिच्या अंगणात कोणी पाय ठेवत नव्हतं. मरेपर्यंत.

रामटेकचा_वाटसरू
जिवतीच्या ताई, तुमचं पटलं. मी गोष्टीतल्या भीतीबद्दल बोलत होतो, ती भीती गावात कोणाच्या दारावर जाऊन बसते याबद्दल तुम्ही बोललात. तरी लेकराचं म्हणणं मी सोडत नाही, पूतनेच्या चित्रात लेकरू पाहिजे, कृष्ण म्हणून नाही, साधं लेकरू, तुमच्या वजनकाट्यावरचं.

धानपट्टी_चित्रं
सगळ्यांचं वाचलं, आईलापण वाचून दाखवलं. असं ठरवतेय.

शूर्पणखा अर्धी झाली होती ती काढून टाकते, तिच्यात मी मोकळे केस आणि काळा चेहरा घेतलाच होता, विचार न करता आला होता हातात. आता ती नव्यानं, बांधलेली वेणी, अंगभर हिरवं लुगडं, नाक कापलेलं पण ती जागा रंगवलेली नाही, लुगड्याचाच तुकडा तिथं शिवलेला, टाके दिसतील असे. डोळे समोर. केस मागणार नाही, काथ्या वापरेन.

पूतनेला मोगरा आणि लाल चौकोन दोन्ही, मांडीवर लेकरू, आणि मागच्या बाजूला खुर्चीत बसलेला कंस, त्याचे फक्त पाय दिसतील. विष कोणाचं हे पऱ्हाटी दादांनी विचारलं ते तिथं येईल असं वाटते. मंथरेचा कुबड काढून टाकला, तिच्या हातात कैकेयीची फणी देते, कारण ती माहेराहून सोबत आलेली दासी, जन्म तिच्याच घरात गेला. सीता घेते, काळी घेते, त्या सगळ्यांच्या रांगेत मधोमध.

मारबतीचे डोळे खाली आणले. आणि काकू तुमचं ऐकून गावात फिरायला सुरुवात केली, आमच्या शेजारच्या वहिनींनी बचतगटाची पासबुकाची झेरॉक्स दिली, एका आजीनं मुलाचा मनीऑर्डरचा जुना कागद दिला, तो परत आलेला होता. जे देतील त्याच्यावरचं नाव झाकूनच लावणार. फेट्यांची कल्पना उमरेडच्या दादांची घेते, आतून.

पाटीवर जास्त लिहायचं नाही असं वाटते, गोष्टीचं नाव आणि कोणी काय दिलं एवढंच. पण जिवतीच्या ताई, तुम्ही समाजमंदिरात एक दिवस येऊन बायांशी बोलाल का, चित्रांबद्दल नाही, वजनकाट्याबद्दल. गाडीभाडं मी देईन.

सर, बांबूचं राहिलं. पीठ पडतेच आहे.

जिवतीकडची
येते. रविवार ठेवा.

वऱ्हाडी_ब्रश
ज्या बांबूतून पीठ पडते तो आता वाचवू नका, आत भुंगा आहे, बाकीच्यांना लागेल, जाळून टाका. नवीन आणाल तो पोसलेला, तीनेक वर्षांचा आणा, कोवळा नको, आणि पावसाळ्यात तोडलेला नको. भुंगा बांबूतल्या गोडसर पिठासाठी येतो म्हणून आपले लोक बांबू नाल्याच्या वाहत्या पाण्यात काही आठवडे दाबून ठेवत, ते पीठ धुवून जाते. तुमच्याकडे तलाव आहे, साचलेल्या पाण्यातही चालते पण वास मारते आणि डाग पडतात.

घाई असेल तर बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड, दोन्ही मिळून दहा लिटर पाण्याला अर्धा किलो, त्यात बोरॅक्स थोडं जास्त. पाणी कोमट करा म्हणजे विरघळते. कमच्या फाडून घ्या, अख्ख्या बांबूत पाणी शिरत नाही, अख्खाच ठेवायचा असेल तर पेराच्या आतल्या पडद्यांना सळईनं भोकं पाडा. आठवडाभर बुडवा, मग सावलीत उभे करून वाळवा, उन्हात चिरतात. हेही पोटात गेलं तर वाईट आहे, गुरांच्या टाक्यात करू नका, उरलेलं पाणी तलावात सोडू नका. तणसाला हे नको, ते कडक उन्हात वाळवून मगच लावा आणि मागून जाळी ठोका म्हणजे उंदीर ओढणार नाहीत.